पहिल्या नोकरीत चूक झाली की काय करायचं

बी.कॉम. झाल्यावर रत्नागिरीत मला पहिली नोकरी लागली ती आंबा पाठवणाऱ्या एका पेढीवर. एप्रिलची गर्दी होती. एका संध्याकाळी पाच डझनाच्या ४० पेट्यांवर मी सहा डझनाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि गाडी वाशीला निघाली. रात्री साडेआठला पाच डझनाच्या पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर तसाच दिसला आणि पोटात गोळा आला. गाडीने तेव्हा संगमेश्वरही ओलांडलं नसेल. मी गप्प राहिले. सकाळी वाशीहून दलालाचा फोन आला, तोवर माल गिऱ्हाइकांच्या हाती गेला होता. मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगो, रात्रीच सांगितलं असतंस तर सौद्याआधी पेट्या बाजूला काढल्या असत्या!"

यंदा पदवी घेऊन कामाला लागणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच सांगते, सगळ्यात आधी चूक सांगा. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबावंसं वाटतं, माहीत आहे. पण हापूससुद्धा आपण चौदा आणे तयार झाला की उतरवतो. सोळा आण्यांची, म्हणजे पुरता तयार व्हायची, वाट पाहिली की आत साका, म्हणजे बिघडलेला गर, निघायची भीती वाढते. शंका चौदा आणे पक्की झाली की वरिष्ठांसमोर जाऊन उभे राहा. काय झालं, कुठवर गेलं, आत्ता काय करता येईल, एवढंच बोला. "भाऊ, आजच्या ४० पेट्यांवर चुकीची पट्टी लागलीय. गाडी सातला सुटली. दलालांना फोन लावू का?" माफी आणि कारणं नंतर. रडकुंडीला येऊन लांबण लावलं, तर समोरच्याचा वेळ तुमची समजूत काढण्यातच जातो.

त्याच रात्री वहीत नोंद करा: तारीख, वेळ, काय केलं आणि तेव्हा मनात काय धरून चाललो होतो. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. माझ्या वहीत तिथे लिहिलंय, "वरचा गठ्ठा पाच डझनाचाच असणार." 'निष्काळजीपणा झाला' असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

मग कारण खणा. साक्याचंच घ्या. आंबा बाहेरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, आंबट. याला नशीब म्हणून सोडून दिलं असतं, तर काढणी कधी करायची हे ठरलंच नसतं आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून साका नसलेली 'रत्ना' जातही दिली नसती. माझ्या चुकीचं कारण फार साधं निघालं: दोन्ही पट्ट्या पांढऱ्या, एकाच खणात ठेवलेल्या. सहा डझनाच्या पट्टीवर लाल रेघ मारली, खण वेगळे केले. 'यापुढे नीट लक्ष देईन' हा उपाय मला तरी पटत नाही. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाचं सातच्या सुमाराला लक्ष उडणारच.

चूक दोघांची असेल तर आपला वाटा आपण सांगावा, दुसऱ्याचा त्याला सांगू द्यावा.

काही चुका मात्र करून शिकायच्याच नाहीत. वीज, समुद्र आणि दुसऱ्याचा पैसा. नवखा खलाशी तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय दोराला हात लावत नाही. तुम्हीही अशा जागी आधी विचारा, दोनदा विचारा. कुणी हसलं तर हसू दे.

मृग लागला, हंगाम आवरला, की वही घेऊन निवांत बसा. तुमचं काम आंब्याचं नसेल तर चार-सहा महिन्यांनी बसा. सुट्या नोंदी वाचून जे कळत नाही, ते सगळ्या एकत्र वाचल्यावर दिसतं. माझ्या पहिल्या हंगामाच्या ११ नोंदी होत्या. त्यातल्या ७ संध्याकाळी सहानंतरच्या. पुढच्या वर्षापासून पट्ट्यांचं काम मी सकाळीच, पेट्या भरायच्या आधी, उरकायला लागले.