माशांचा मुरघास करताय? या चुका टाळा

मक्याचा मुरघास, म्हणजे मुरवून टिकवलेला चारा, दूधवाल्या शेतकऱ्यांना नवा राहिलेला नाही. मासळीचाही मुरघास होतो. डोकी, आतडी, कल्ले, काटे बारीक करायचे, माल नासू नये म्हणून त्यात फॉर्मिक ॲसिड घालायचं आणि रोज ढवळायचं. माशाच्या पोटातलेच पाचकरस मांस विरघळवतात आणि आठवडाभरात कोंबड्यांच्या किंवा माशांच्या खाद्यात घालण्याजोगं पातळ प्रोटीन तयार होतं. बॉयलर नको, मोठा कारखाना नको. तरीही पहिला ड्रम वाया गेलेले मी बरेच पाहिले आहेत, आमचाही गेला होता. त्यातल्या बऱ्याच चुका ड्रम भरायच्या आधीच झालेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशीर. सकाळी सातला मासळी साफ होते, टोपल्या शेडच्या मागे उन्हात पडतात आणि ॲसिड दुपारी चारला पडतं. का, तर ‘घाणच आहे ना’. पण तेवढ्या वेळात जे नासलं ते कुठलंही ॲसिड परत आणत नाही. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन (प्रोटीनचा एक घटक) भरपूर असतं. उबेत जिवाणू त्याचं हिस्टामीन हे अपायकारक द्रव्य करतात आणि ते पुढे उकळूनही जात नाही, ॲसिडनेही नाही. असं खाद्य खाऊन कोंबडीच्या पेषणीला (दाणे दळणाऱ्या पोटाला) जखमा होऊ शकतात. म्हणून ड्रम साफसफाईच्या जागेजवळच ठेवा, तासा-दोन तासांनी माल दळून आत टाका आणि तेवढंही जमणार नसेल तर टोपलीवर बर्फ घाला. अमोनियाचा वास सुटलेला माल सरळ खतात जाऊ द्या. तो अमोनिया ॲसिडही खातो, म्हणजे नुकसान दुहेरी.

काही जण वास कमी व्हावा म्हणून माल आधी उकडून घेतात. उकडल्यावर पाचकरस मरतात आणि महिनाभर ठेवलं तरी ड्रममध्ये तुकडे तसेच राहतात. नुसती डोकी भरली तरी हेच दुखणं, कारण पाचकरसांचा मोठा साठा आतड्यांत असतो. आतडी टाकून देऊ नका, सगळ्या मालात सारखी मिसळा.

आता ॲसिडचं प्रमाण. १०० किलो मालाला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक ॲसिड साडेतीन किलो, म्हणजे साधारण तीन लिटर. (सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराचा चीक गोठवायला हेच वापरतात.) पण हे आकडे सुरुवातीचे. काट्यांतलं कॅल्शियम हळूहळू ॲसिड शोषत राहतं, त्यामुळे आज ३.८ असलेला पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) दोन दिवसांनी साडेचारवर गेलेला असतो. पीएच चारच्या खालीच हवा. पीएचची पट्टी रोज बुडवा आणि लागेल तसं ॲसिड वाढवा.

आमच्या ड्रमचं नेमकं काय झालं, ते सांगतो. वरून माल छान तपकिरी, आंबूस वासाचा, पातळ झालेला दिसत होता. पाचव्या दिवशी बांबूची काठी तळापर्यंत घातली, तर खाली मऊ, चिकट थर लागला. काठी वर ओढली तेव्हा टोकाला करडा लगदा होता आणि असा भपकारा आला की शेडमधल्या बायका उठून बाहेर गेल्या. डोकी अख्खीच टाकली होती. त्यांच्या आत ॲसिड पोचलंच नव्हतं. त्या दिवसापासून १० मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा ड्रममध्ये जात नाही, आणि पहिले काही दिवस ढवळणं चुकत नाही.

ड्रम प्लास्टिकचाच घ्या, पत्र्याच्या पिंपाला ॲसिड खाऊन टाकतं. फरशी किंवा ड्रम ब्लीचिंग पावडरने धुतला असेल तर भरपूर पाण्याने खळबळल्याशिवाय ॲसिड जवळ आणू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे आणि गॉगल घालूनच ॲसिड ओता. फॉर्मिक ॲसिडचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो.

तारलीसारख्या तेलकट मासळीचं तेल वर तरंगतं. ते काढून घ्या. राहिलं तर खवट होतं आणि अंड्याला, मांसाला माशाचा वास येतो. मग गिऱ्हाईक परत येत नाही.

शेवटची चूक कागदावरची, आणि तिचा राग मला जास्त येतो, कारण यात फसतो तो कोंबड्या पाळणारा. प्रयोगशाळा सहसा नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणून ‘प्रोटीन’ लिहिते. कोळंबीच्या टरफलांतल्या कायटिन या कडक पदार्थात जवळपास ७ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे शुद्ध कायटिनही कागदावर ४३ टक्के ‘प्रोटीन’ दिसतं. पण ते प्रोटीन नव्हे. मुशी आणि पाकट यांच्या मांसात युरिया असतो, तोही याच हिशेबात चढतो. म्हणून टरफलांचा आणि मुशी-पाकटांचा ड्रम वेगळा ठेवा आणि प्रयोगशाळेत खऱ्या प्रोटीनची चाचणी वेगळी मागा. साध्या मासळीच्या मुरघासात कच्च्या मालाइतकंच, साधारण १५ टक्के प्रोटीन असतं, उरलेलं बरंचसं पाणी. भाताच्या कोंड्यात कालवून वाळवलं की टक्केवारी वाढते, पण ती सांगताना त्यात कोंडा किती आहे तेही सांगा.