कोकणातल्या घरात पेलमेट बसवताना या चुका टाळा

खिडकीच्या वर पडद्याची दांडी आणि कड्या झाकण्यासाठी जी फळी किंवा उथळ पेटी बसवतात, तिला आपण पेलमेट म्हणतो. थंड देशांत तिला आणखी एक काम असते. खोलीतली ऊबदार हवा वरच्या फटीतून पडद्यामागे शिरून गार काचेला लागू नये, म्हणून तिथे ही पेटी वरून आणि बाजूंनी घट्ट बंद करतात. रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनच्या घरात ती गरज नाही. येथे हवा खेळती राहणे महत्त्वाचे असते. तरीही चित्रात पाहिलेली बंद पेटी सुताराकडून हुबेहूब करून घेतली जाते आणि दोन पावसाळ्यांत तिचा पुढचा भाग चकचकीत राहूनही आतून कुबट वास येऊ लागतो. पेलमेटच्या बहुतेक तक्रारी त्याच्या न दिसणाऱ्या बाजूने सुरू होतात, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पेटीला मागची फळी लावून ती भिंतीला चिकटवणे. पावसाळ्यातले वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे समुद्राच्या बाजूच्या खिडकीवर झड सरळ आपटते आणि जांभ्याचा सच्छिद्र चिरा ते पाणी शोषून घेतो. गिलावा वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, आणि ती मागच्या प्लायमध्ये उतरते. शिवाय भिंतीतून वर चढणाऱ्या वाळवीला अशी अंधारी, दमट जागा आयतीच मिळते. तिची मातीची नळी दिसते तोवर फळी पोकळ झालेली असते. म्हणून मागे फळी लावूच नये, आणि वरच्या फळीची मागची कड भिंतीपासून अर्धा इंच सुटी ठेवावी. एवढ्या फटीतून हवा फिरते, आणि विजेरी धरून आत डोकावताही येते. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधणार हे गृहीत धरावे. ते खरवडायला दोन मिनिटे पुरतात.

साहित्याच्या बाबतीत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, टाळलेलेच बरे, कारण कडेने पाणी प्यायले की ते फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. दुकानात ज्याला कमर्शियल प्लाय म्हणतात, तोही किनाऱ्यावर फार काळ टिकत नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. या मानकानुसार त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थरांची पकड तपासली जाते. घरच्या फणसाचे लाकूड असेल तर उत्तमच, मात्र त्याचा पिवळा गाभाच वापरावा, कारण सालीलगतच्या पांढुरक्या भागाला कीड लवकर लागते. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि हाताशी असते, पण त्याला पोखरणारा किडा इतक्या आवडीने येतो की खिडकीखाली पडणारा बारीक भुसा रोज झाडावा लागतो.

त्याहून अधिक वेळा होणारी चूक पॉलिशची आहे. दर्शनी बाजूला लॅमिनेट किंवा पॉलिश आणि आतली बाजू कोरी, अशी फळी एका बाजूने दमट हवा शोषते, दुसऱ्या बाजूने शोषत नाही, आणि श्रावण संपेपर्यंत तिला बाक येतो. लोक याचा दोष सुताराला देतात, पण काम ‘आतले कोण बघणार’ म्हणून आपणच कमी केलेले असते. आतली बाजू, वरची कड आणि स्क्रूची भोके, सगळीकडे सीलर आणि दोन हात पॉलिश हवेच. लॅमिनेट असेल तर आत बॅकिंगचा पातळ थर लावून घ्यावा. हे काम गणपतीच्या तोंडावर काढू नये. भर पावसात मारलेले मेलामाइन पॉलिश हवेतला ओलावा पकडते आणि त्यावर पांढुरकी झाक येते. चाकरमानी यायच्या आधी घर सजवण्याची घाई समजण्यासारखी आहे, तरी दिवाळीनंतरचे कोरडे महिनेच योग्य.

जांभ्यात ड्रिल हॅमरवर चालवले की दगड भुरभुरतो, भोक वेडेवाकडे होते आणि प्लग आतल्या आत फिरतो. हॅमर बंद ठेवून, आधी बारीक आणि मग हव्या मापाच्या बिटने भोक पाडावे. शक्य असेल तर स्क्रू खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटलमध्ये किंवा जुन्या घरात तिथे असलेल्या आडव्या लाकडात जाईल असे पाहावे. भोक पाडण्यापूर्वी आतून विजेची नळी गेलेली नाही याची खात्री करावी. काळे किंवा साधे मुलामा दिलेले स्क्रू खाऱ्या हवेत लवकर गंजतात, आणि त्यांचा तांबडा ओघळ पांढऱ्या भिंतीवर उतरतो. स्टेनलेस स्टीलचा ३०४ दर्जा गावात चालतो. लाटांचे तुषार पोहोचतात अशा घरात ३१६ घ्यावा.

आमच्या घरी एका वर्षी गणपतीत माटवीचा, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या, फळांनी सजवलेल्या चौकटीचा, एक दोर पेलमेटच्या कोपऱ्याला बांधला गेला, कारण मूर्तीची जागा खिडकीलगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शहाळी, सुपाऱ्या आणि कवंडळांसकट तो कोपरा भिंतीतून सुटला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. पेलमेटने फक्त स्वतःचे आणि पडद्याचे वजन पेलायचे असते.

मापे नेहमी आतून घ्यावीत. एका पदराच्या पडद्याला आतून साधारण ५ ते ६ इंच खोली लागते, दुहेरीला ७ ते ८. बाहेरून मोजले तर १९ मिलिमीटरची फळी त्यातून वजा होते आणि चुण्या घासू लागतात. लांबी चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच जास्त असावी, म्हणजे सरकवलेला पडदा उजेड अडवत नाही. जुन्या घरांतल्या खिडक्यांना बाहेर गज असतात आणि झडपा आत उघडतात. अशा ठिकाणी झडप पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय पेलमेटची खालची कड ठरवू नये. उंची पडद्याच्या उंचीच्या पाचव्या ते सहाव्या हिश्श्याइतकी शोभते, पण माडीवरच्या बुटक्या खिडकीला त्याहूनही कमी ठेवावी.

फोम लावून कापडाने मढवलेले पेलमेट येथे बुरशीचे घर ठरते; हौस असेलच तर कापड वेल्क्रोने लावावे, म्हणजे काढून धुता येते. आत एलईडीची पट्टी बसवली तर पावसाळी किडे आणि त्यांच्यामागून पाली येतात, हेही लक्षात घ्यावे.

आधीच बसवलेले पेलमेट बिघडले असेल तर कारण शोधून मगच हात घालावा. वास येत असेल तर मागची फळी काढावी, बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून बाकीची पेटी दोन-तीन दिवस कडकडीत उन्हात ठेवावी, आणि मगच पॉलिश करावे. बुरशीवर रंग मारला तर ती पुन्हा वर येते. एक टोक खाली आले असेल तर जाड स्क्रू ठोकून भागत नाही. जुने भोक सिमेंटने भरून, शेजारी चार बोटे सोडून नवे पाडावे. बाक आलेली फळी सरळ होण्याची वाट पाहू नये, ती बदलावी. घर गणपतीनंतर मे महिन्यापर्यंत कुलूपबंद राहणार असेल, तर दर्शनी फळी आकड्यांवर अडकवण्याची सोय करून घ्यावी आणि निघताना ती पडद्यांसह उतरवून ठेवावी.