जुनी ऑटोमॅटिक गाडी : बिघाड टॉर्क कन्व्हर्टरचा की गिअरबॉक्सचा, हे कसं ओळखावं

जुनी ऑटोमॅटिक गाडी थरथरायला लागली, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निकाल ऐकू येतो : "गिअरबॉक्स गेला, साहेब." खर्चाचा आकडा ऐकून कित्येक जण बाकी धडधाकट असलेली गाडी मिळेल त्या भावात विकून मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं. गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ओढ तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा डबा) शेजारी शेजारी बसतात, एकाच तेलावर चालतात, पण त्यांची दुखणी वेगळी आहेत. यातली बरीचशी मालकाला स्वतः गाडी चालवून ओळखता येतात.

1. गाडीत कन्व्हर्टर आहे का, ते आधी पाहा

गिअरच्या दांड्यापाशी 'पी' नसेल तर गाडी बहुधा एएमटी आहे. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेल्या या प्रकारात साधा क्लचच असतो, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. तिला इथलं काहीच लागू नाही. पुढचं सगळं 4 किंवा 5 गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकसाठी आहे : आय-टेनची ऑटोमॅटिक, 2008 साली आलेली सिटी, जुनी कोरोला, अशा गाड्या.

2. डब्याच्या आत काय चालतं, ते समजून घ्या

हे वगळू नका, कारण पुढची प्रत्येक खूण यातूनच निघते.

ताकाच्या डेऱ्यात एक रवी जोरात फिरवली आणि दुसरी नुसती मोकळी सोडली, तर ताकाच्या ओढीने दुसरीही फिरू लागेल. कन्व्हर्टर हा तेलाने भरलेला असाच एक बंद लोखंडी डबा आहे. डब्याला जोडलेली पाती, म्हणजे इंपेलर, इंजिन फिरवतं. समोरची पाती, म्हणजे टर्बाइन, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, म्हणूनच सिग्नलला गिअरमध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही.

खरी करामत मधल्या तिसऱ्या पात्याची, स्टेटरची. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि इंपेलरला अडवू शकतं. स्टेटर ते वळवून इंपेलरच्या पाठीमागून सोडतो, त्यामुळे गाडी सुटताना इंजिनाची ओढ जवळपास दुप्पट होते. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. गाडीने वेग घेतला की स्टेटरची अडचणच होते, म्हणून तो सायकलच्या फ्रीव्हीलसारख्या यंत्रणेवर बसवलेला असतो : एका बाजूला अडतो, दुसऱ्या बाजूला मोकळा फिरतो.

आता राहिला लॉक-अप क्लच. तेलातून ओढ नेताना थोडी घसरण होतेच, आणि घसरण म्हणजे उष्णता आणि वाया जाणारं पेट्रोल. म्हणून एका वेगानंतर हा क्लच टर्बाइनला थेट डब्याशी जखडतो. पॅकार्डने 1949 मध्येच तो गाडीत दिला होता. जुन्या गाड्यांत माझ्या अनुभवाने सर्वांत आधी त्रास देतो तो हाच.

3. तेल पाहा

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा आणि सपाट जागी लावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, 'पी'मध्ये तेलाची पट्टी काढतात. होंडात मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायची असते. आपल्या गाडीचं पुस्तक बघून घ्या, नाहीतर पातळी चुकीची वाचाल. तेल काळपट आणि करपल्या वासाचं असेल, तर आत काहीतरी घसरतंय. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून कूलंट आत शिरलंय : गाडी तिथेच थांबवा, ओढून न्या. ओढतानाही इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं जमिनीवर टेकू देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आणि कोरडे भाग एकमेकांवर घासतात.

4. थरथर कुठून येते, ते पकडा

माझ्या स्वतःच्या गाडीला साताऱ्याच्या रस्त्यावर 65 च्या आसपास, हलक्या एक्सलरेटरवर थरथर यायची. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद. एका गॅरेजने "मिसिंग आहे", म्हणजे इंजिन मधेच ठिणगी चुकवतंय, म्हणून प्लग बदलले, मग कॉइल बदलल्या. थरथर होती तिथेच राहिली.

त्यानंतर शिकलेली चाचणी ही. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री. थरथर सुरू झाली की एक्सलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करा, मागचा लाल दिवा लागेल इतपतच. ब्रेकचा स्विच लागताच लॉक-अप सुटतं. आर.पी.एम.चा काटा दोन-तीनशेने वर गेला आणि थरथर जागच्या जागी थांबली, तर दोष लॉक-अपचा. थरथर तशीच राहिली, तर इंजिनाकडे किंवा माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांच्याकडे, बघा.

5. उभ्या गाडीतले आवाज ऐका

ब्रेक दाबून 'डी'मध्ये घरघर येते आणि 'एन'मध्ये नाहीशी होते? संशय कन्व्हर्टरमधल्या बेअरिंगवर घ्या. गिअरमध्ये टर्बाइन थांबलेली आणि डबा फिरता असतो, म्हणून बेअरिंग घासतं. न्यूट्रलमध्ये दोन्ही बरोबर फिरतात. गाडी थांबताना क्लच न दाबलेल्या मॅन्युअलसारखं इंजिन बंद पडत असेल, तर लॉक-अप सुटत नाहीये. त्यात अनेकदा फक्त सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह, अडकलेला असतो, आणि तो बदलणं तुलनेने स्वस्त पडतं.

6. स्टेटर तपासा

गाडी सुटताना मरगळलेली पण हायवेवर ठीक : स्टेटर दोन्ही बाजूंना मोकळा फिरतोय. सुटताना जोमदार पण वेग वाढत नाही आणि तेल तापतं : तो कायमचा अडकलाय.

खात्रीसाठी मेकॅनिक स्टॉल टेस्ट करतात. हँडब्रेक ओढून, ब्रेक पूर्ण दाबून, 'डी'मध्ये पूर्ण रेस द्यायची आणि काटा कुठे अडतो ते पाहायचं. साध्या गाड्यांत तो साधारण 2000 ते 2800 च्या दरम्यान थांबतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. बराच कमी आला तर स्टेटर घसरतोय किंवा इंजिनच अशक्त आहे. बराच जास्त आला आणि तेलाची पातळी बरोबर असेल, तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतायत, आणि तेव्हा "गिअरबॉक्स गेला" हे खरं. पाच सेकंदांच्या वर रेस देऊ नका, नंतर 'एन'मध्ये दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. गाडीसमोर माणूस उभा नको. ब्रेक कच्चे असतील तर ही चाचणी करूच नका.

7. दुरुस्ती : आधी तेल, मग हत्यार

फक्त लॉक-अपची थरथर असेल, तर आधी तेल बदलून पाहा. खालचा बोल्ट काढल्यावर निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून मधे थोडी गाडी चालवत दोन-तीनदा बदला. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच हवा. ह्युंदाईच्या जुन्या 4 गिअरना एसपी-थ्री लागतं, तिथे दुसरं कुठलंही लाल तेल ओतू नका. "सील्ड आहे, बदलावं लागत नाही" यावर माझा विश्वास नाही. माझी थरथर तिसऱ्या बदलानंतर गेली. पण तळाशी धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचा चुरा दिसला, तर तेलाने भागणार नाही. कन्व्हर्टर उतरवावाच लागेल.

उतरवला, तर मेकॅनिकला दोन गोष्टी ठामपणे सांगा. कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्या, नाहीतर जुना चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये जाईल. आणि बसवताना तो हाताने फिरवत, ठक-ठक आवाज होत पूर्ण आत गेला पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर, बोल्ट लावण्याआधी, कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेट (इंजिनाच्या टोकाची पातळ तबकडी, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) यांच्यामध्ये काही मिलिमीटर फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळू देऊ नका, पुन्हा बाहेर काढायला लावा. जबरदस्तीने आवळला की गिअरबॉक्सचा तेलपंप फुटतो, गाडी सुरू करायच्या आधीच.