भूकंपानंतर नेपाळची सहल पुढे ढकलताना

वर्षभर आखलेली सहल, आणि ऐन वेळी तिकडे भूकंप. घाबरून लगेच तिकीट रद्द करू नका. आपण होऊन रद्द केलं तर नेहमीसारखे पैसे कापले जातात. उड्डाण विमान कंपनीनेच रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा नवी तारीख मागता येते. मोठ्या आपत्तीनंतर अनेक कंपन्या फुकटात तारीख बदलून देतात. ती सवलत कोणत्या तारखांना लागू आहे ते नीट वाचा, मगच फोन लावा, आणि जे ठरेल ते ईमेलवर लेखी घ्या.

प्रवास विमा आधीच काढलेला हवा. घटनेनंतर काढलेल्या पॉलिसीत त्याच घटनेचा दावा सहसा बसत नाही.

नवी तारीख ठरवायची घाई तर मुळीच नको. २०१५ साली २५ एप्रिलला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा. त्यामागोमाग पावसाळा, म्हणजे डोंगरात दरडी. अशा वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा. तेव्हा आकाशही स्वच्छ असतं. चौकशी मात्र गावागणिक करा. त्या वर्षी काठमांडूतला धरहरा हा उंच मनोरा कोसळला, पोखरा शहर मात्र बऱ्यापैकी वाचलं होतं.

छोट्या गेस्ट हाउसला दिलेली आगाऊ रक्कम परत मागू नये, असं मला मनापासून वाटतं. तीच पुढच्या तारखेला वळती करून घ्या. त्या घराला आत्ता पैशाची खरी गरज असते.