टाकी भरताच पंप बंद: ईएसपी३२ आणि फ्रीआरटॉस कसे वापरावे

गिरगावातल्या आमच्या चार मजली इमारतीत पालिकेचं पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. टाकी भरली की पंप बंद करणारा बोर्ड मी बसवला, तेव्हा सगळं काम एकाच लूपमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक पुन्हापुन्हा फिरणाऱ्या चक्रात, लिहिलं होतं. एका पहाटे वायफाय गेलं. प्रोग्राम टाकी भरल्याचा मेसेज पाठवायच्या खटपटीत अडकला आणि गच्चीवरचं पाणी जिन्यातून धो-धो खाली आलं. पिण्याचं पाणी होतं ते. अजून वाईट वाटतं.

पंप बंद करण्याला उशीर चालत नाही, मेसेजला चालतो. ही दोन कामं वेगळी ठेवायला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम हवी, म्हणजे महत्त्वाचं काम वेळेवर होऊ देणारी प्रणाली. फ्रीआरटॉस ही मुक्त स्रोत आहे: सुरुवात रिचर्ड बॅरी यांनी २००३ साली केली, २०१७पासून देखभाल ॲमेझॉनकडे आहे, आणि एमआयटी परवान्यामुळे ती फुकट वापरता येते.

आधी सामान. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच), रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), एलईडी आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. ईएसपी३२मध्ये आर्डुइनो या सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम टाकला तरी आत फ्रीआरटॉसच चालू असते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग जोडणी, आणि इथे घाई करू नका. फ्लोटची एक वायर ग्राउंडला, दुसरी बोर्डाच्या पिनला. पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये रेझिस्टर. टाकी भरल्यावर स्विच उघडेल अशा बाजूने फ्लोट लावा. मग उंदराने वायर कुरतडली तरी बोर्डाला टाकी भरल्यासारखीच दिसते आणि पंप बंद होतो. पंप चालू करणं वॉचमनकाकांकडेच राहू द्या.

आता दोन टास्क, म्हणजे स्वतंत्र चालणारी कामं, तयार करा, एक्स-टास्क-क्रिएट (xTaskCreate) हे फंक्शन वापरून. पंपाच्या टास्कला प्राधान्य ३, मेसेजच्या टास्कला १; फ्रीआरटॉसमध्ये मोठा आकडा म्हणजे मोठा मान. पंपाचा टास्क दर ५० मिलिसेकंदांनी फ्लोट वाचतो आणि सलग तीनदा 'भरली' दिसलं की रिले सोडतो, कारण पाण्याच्या लाटांनी फ्लोट हलतो. दोन वाचनांच्या मध्ये व्ही-टास्क-डिले (vTaskDelay), म्हणजे टास्कला थोडं थांबवणारं फंक्शन, हवंच. ते विसरलात तर वरच्या प्राधान्याचा टास्क प्रोसेसर अडवून बसतो.

टाकी भरल्याची खबर मेसेजच्या टास्कला क्यूमधून, म्हणजे निरोपांच्या रांगेतून, द्या. क्यूत टाकताना थांबण्याची मुदत शून्य ठेवा. वायफाय बंद असताना क्यू तुंबते. मुदत लांब ठेवली तर पंपाचा टास्क तिथेच खोळंबतो आणि जिन्यात पुन्हा पाणी.

स्टॅकसाठी, म्हणजे टास्कच्या कामापुरत्या मेमरीसाठी, पंपाला २०४८ आणि मेसेजला ८१९२ बाइट देऊन सुरुवात करा. बोर्ड आपोआप रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय स्टॅकवर घ्या.

रिलेच्या जागी एलईडी लावून चाचणी करा. राउटर बंद करा आणि फ्लोट हाताने वर उचला. एलईडी लगेच विझला पाहिजे. दहा वेळा करून बघा, दहाही वेळा विझला तरच इलेक्ट्रिशियनला बोलवा. २३० व्होल्टची जोडणी त्याच्याकडूनच, आणि रिलेने थेट मोटर न चालवता कॉन्टॅक्टरची (मोटरचा मोठा प्रवाह पेलणाऱ्या स्विचची) कॉइल चालवायची, हे त्याला आठवणीने सांगा.