क्रोमचा रॉड, ठुशी आणि मृगाचा किडा: मॅक्रो शिकताना

बेळगावात मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून फोटो, शिकायची म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढं थेट चोर्ला घाट येतो, पावसात भिजलेला बेडूक येतो आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "दादा, लेन्स कुठली घेऊ?" माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. लेन्सचं नंतर बघू. आधी उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणा हायड्रॉलिकवाल्याची ओळख काढ आणि क्रोम केलेल्या रॉडचा एक नीट फोटो काढून आण.

पोटापाण्यासाठी मी कॅटलॉगचे फोटो काढतो. कास्टिंग, व्हॉल्व्ह, पंपाचे सुटे भाग आणि शहापूरच्या सराफांचे दागिने. किडेबिडे रविवारी. पण किड्यांवर प्रकाश कसा द्यायचा, हे मला कारखान्यानं शिकवलं, जंगलानं नाही.

क्रोमच्या रॉडमध्ये छताची ट्यूबलाइट दिसते, खिडकी दिसते, फोटो काढणारा माणूसही दिसतो. म्हणून अशा कामाला करडा शर्ट घालून जायचं. माझ्या नव्या मदतनीसाला लाल चौकड्याच्या शर्टात बघून तिथला सुपरवायझर म्हणाला होता, "काय ओ, फोटो रॉडचा काढायचाय की शर्टाचा?" चकचकीत वस्तूवर नुसता उजेड पाडून भागत नाही. तिच्यात कशाचं प्रतिबिंब पडू द्यायचं, ते आपण ठरवायचं असतं. रॉडच्या लांबीएवढा बटर पेपर ताणून लावा, त्याच्यामागं दिवा ठेवा, म्हणजे रॉडवर कडेकडेनं विरत जाणारा एक सलग पांढरा पट्टा येतो. दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा केला की रॉडची कड सुटून दिसते. झालं.

आता भुंग्याचं कवच घ्या. प्रश्न तोच. उघडा फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा, जळका ठिपका पडतो आणि खालचा हिरवा-तांबूस रंग मरतो. फ्लॅशच्या पुढं, भुंग्यापासून चार बोटांवर, वहीच्या पानाएवढा, उजेड पसरवणारा डिफ्युजर धरला की सेंटीमीटरभर जिवाला तो दिवा आभाळाएवढा होतो. ठिपक्याच्या जागी मऊ उजळपणा येतो आणि रंग उरतो. दिवा किती मोठा, हे दिव्यावर ठरत नाही, वस्तूच्या मानानं ठरतं. माझा डिफ्युजर दुधाच्या रिकाम्या पांढऱ्या कॅनचा कापलेला आहे. विकत आणलेले दोन कपाटात पडून आहेत.

आकड्यांचं थोडं सांगतो. १:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. फुलफ्रेम कॅमेऱ्यात चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होते. इतक्या जवळ लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक करूनही डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये राहणारी जाडी, जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळते, म्हणजे माशीचा डोळा फोकसमध्ये आला तर पंख गेला. मग हात आपोआप आणखी बारीक, एफ/२२ कडे जातो, तो आवरा. १:१ ला लेन्सवरचं एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखं वागतं, प्रकाश दोन स्टॉपनं कमी, म्हणजे चौथा हिस्साच पोचतो, आणि त्याच्याही पुढं गेलात तर डिफ्रॅक्शनमुळं, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळं, सगळंच पुसट दिसायला लागतं. मी एफ/८ ते एफ/११ मध्ये राहतो आणि कोन बदलतो. मिटल्या पंखांचं फुलपाखरू असेल तर सेन्सर पंखांना समांतर. ऑटोफोकस बंद, लेन्स हव्या त्या मोठेपणावर ठेवायची आणि स्वतः केसभर पुढं-मागं झुलत डोळा तीक्ष्ण दिसला की दाबायचं.

सामान स्वस्तात जमतं. ५० मिलिमीटरच्या लेन्समागं ५० मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ कड्या, लावल्या की १:१ मिळतं, २५ च्या लावल्या तर निम्मं. साध्या झूम लेन्सपुढं रेनॉक्स डीसीआर-२५० ही जोडभिंगाची लेन्स चिमटीनं बसते. ती ८ डायॉप्टर ताकदीची आहे, कामाला उत्तम. महागड्या १०० मिलिमीटर लेन्सचा खरा फायदा म्हणजे किड्यापासून जरा लांब राहता येतं.

फाउंड्रीतली दुसरी शिकवण आडव्या उजेडाची. कास्टिंगमधले बारीक ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेली भोकं, रिपोर्टात दाखवायचे असतात. समोरून दिवा लावला तर पृष्ठभाग सपाट दिसतो. दिवा बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून लावला की प्रत्येक भोक स्वतःच्या सावलीनं उठून दिसतं. हाच उजेड मृगाच्या किड्याला द्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की खानापूरकडं लाल मातीवर ही मखमल चालताना दिसते. हा खरं म्हणजे कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे, पाय आठ. समोरच्या फ्लॅशमध्ये तो लाल गोळा दिसतो, आडव्या उजेडात अंगावरची लव केसाकेसानं मोजता येते. त्यात एक खोच आहे. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीकठाक दिसतो, पण लाल चॅनल आधीच फाटलेला, म्हणजे तपशील उरू नये इतका उजळ झालेला असतो आणि लव त्यातच जाते. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम उघडून बघा, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या.

नवख्यांच्या फोटोत पार्श्वभूमी हटकून काळीकुट्ट असते. फ्लॅशचा प्रकाश मागच्या झाडापर्यंत पोचतच नाही, त्यामुळं दिवसाढवळ्या रात्र होते. रातकिड्याला, बेडकाला ती शोभते. सकाळच्या टाचणीला, त्या बारीक चतुराला, काळ्या खोलीत बसवायचं म्हणजे मला आळस वाटतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४००-८०० ला न्या, शटर १/१०० च्या आसपास आणा, म्हणजे मागचा हिरवा उजेडही फ्रेममध्ये येतो. नाहीतर मागं एखादं पान येईल असं बसा.

येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भात फुलतं तेव्हा कुणी कॅमेरा घेऊन जात नाही, याचं मला नवल वाटतं. लोंबीतला एकेक दाणा सकाळी ऊन वर आल्यावर उघडतो, बारीक तंतूंवर सहा फिकट पिवळे परागकोश बाहेर लोंबतात आणि साधारण तासाभरात दाणा पुन्हा मिटतो. ऊन मागून घ्या, परागकोश दिव्यांसारखे पेटतात. वारा मात्र छळतो. बांबूची काडी रोवून कपड्याच्या चिमट्यानं भाताचं धाट अलगद धरा, आणि आधी शेतकऱ्याला विचारा. "कशाला काढूलाय हे?" असं तो म्हणेलच. स्क्रीनवर दाखवा, मग तोच चांगली लोंबी शोधून देतो.

कलेचा भाग कुठं सुरू होतो म्हणाल, तर मुंगीसारख्या दिसणाऱ्या कोळ्यापाशी. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात, त्यांच्यातच त्यांचं सोंग घेतलेला एक उडी मारणारा कोळी हिंडतो. पाय मोजले की चोरी कळते. नराचे जबडे इतके लांब की मुंगी काहीतरी उचलून चालली आहे असं वाटतं. हा बाजूनं टिपला तर सोंग दिसतं, बघणारा फसतो. समोरून टिपला तर मोठे डोळे दिसतात, सोंग उघडं पडतं. दोन्ही एका फोटोत येत नाही. काय सांगायचंय ते ठरवूनच गुडघे टेका. नुसतं जवळ जाणं सगळ्यांना येतं.

काही फोटो मॅक्रोचे नसतातच. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग आणि महाराष्ट्राचं ब्लू मॉर्मन, दोन्ही आपल्या घाटात उडतात आणि दोन्ही चौकटीच्या कितीतरी पट मोठी. तिथं साधी टेलिलेन्स काढा.

खानापूरकडचं भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जायचं नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर बरं पडतं. बेडकाला हात लावू नका. डास पळवायचं मलम लावलेला हात तर मुळीच नको, बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. किडे फ्रिजमध्ये गार करून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, तोंड खराब होईल. पहाटे चतुर दवानं जड होऊन काडीला लटकलेला असतो, थोडं लवकर उठलं की झालं. कॅमेरा घरी आल्यावर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पैसे किड्यांत नाहीत, दागिन्यांत आहेत. पहिलं काम घ्याल तेव्हा दर नगावर ठरवा, पण स्टॅकिंगचे नग वेगळे लिहून घ्या. ठुशी पुढच्या मण्यापासून मागच्या गोंड्यापर्यंत तीक्ष्ण हवी असते, त्याला फोकस सरकवत काढलेल्या पुष्कळ फ्रेम जोडाव्या लागतात आणि संगणकावरचा वेळ सराफाला दिसत नाही. ग्रे कार्डाशिवाय, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या कार्डाशिवाय, सोनं टिपू नका. जरा हिरवट झालं तरी पेढीवर "हे आमचं सोनं नव्हे" म्हणतात. पहिला नग तिथंच, दागिना शेजारी ठेवून मंजूर करून घ्या, मग बाकीचे काढा.