पहाटेचे विमान आणि स्वमग्न मुले : आधी सकाळ सांभाळावी

पुण्याहून पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांनी दिल्लीला निघणारे विमान गाठायचे असेल, तर चारच्या सुमारास लोहगाव विमानतळावर पोहोचावे लागते, त्यासाठी सव्वातीनला घर सोडावे लागते आणि मुलांना पावणेतीनला उठवावे लागते. बहुतेक घरांत ही वेळ डोळे चोळत आणि थोडी चिडचिड करत निभावून नेली जाते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी मात्र खरा पेच विमानात नसून त्या पावणेतीनमध्ये असतो. दात घासणे, दूध, अंघोळ, देवापुढचा दिवा, शाळेच्या बसचा हॉर्न हा क्रम म्हणजेच त्यांच्या लेखी सकाळ असते आणि तो क्रम गाळून मुलाला थेट अंधारात गाडीत बसवले, तर त्या दिवशी सकाळ झालीच नाही, असे त्याला वाटत राहते.

माझी दोन्ही मुले स्वमग्न आहेत. थोरला अकरा वर्षांचा, भरपूर बोलणारा आणि घड्याळाचा काटेकोर आहे. धाकटा सात वर्षांचा असून बोलत नाही, चित्रे दाखवून आपले म्हणणे सांगतो. पहिल्या प्रवासाच्या वेळी आम्ही विमानाची सगळी तयारी केली होती आणि विमानात दोघेही शांत बसले. रडारड झाली ती आमच्याच न्हाणीघरात, रात्री तीन वाजता, कारण घाईत अंघोळ गाळली होती. तेव्हापासून आम्ही सकाळ मोडत नाही, ती पुढे-मागे सरकवतो, आणि पुढची सगळी तयारी त्याच धोरणावर उभी आहे.

पहाटेचेच विमान घ्यायचे का, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी शांतपणे विचारात घ्यावा. रात्री मुक्कामाला असलेल्या विमानाचे पहिले उड्डाण सहसा वेळेवर होते, कारण आदल्या फेऱ्यांचा साचलेला उशीर त्याच्या वाट्याला येत नाही, आणि वाट पाहणे ज्या मुलांना सोसत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जायचे असेल तर मात्र हे गणित उलटते. तिथल्या धुक्यामुळे पहाटेचीच विमाने अधिक रखडतात, म्हणून त्या दिवसांत दुपारचे तिकीट थोडे महाग पडले तरी घ्यावे, असे माझे मत आहे. मुलाला फिट येण्याचा त्रास असेल, तर अपुरी झोप हे फिट येण्याचे एक ओळखीचे कारण आहे, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पहाटेचे विमान ठरवूच नये. ठरलेच, तर गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात आणि तातडीचे औषध चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावे.

तिकिटाची कामे थोडक्यात सांगते. सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर काढावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आई, वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा २०२४ सालचा आदेश आहे. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला फोन करून मूल स्वमग्न असल्याचे सांगावे आणि मदतीची नोंद तिकिटावर करून घ्यावी. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशासाठी डी-पी-एन-ए हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फोनवरील व्यक्तीला तो ठाऊक नसेल, तर बहुधा चाकाच्या खुर्चीची नोंद होते, आणि मग पहाटे चार वाजता धडधाकट धावणाऱ्या मुलासमोर खुर्ची घेऊन कुणीतरी उभे राहते. (अर्थात रांगेत जमिनीवर बसकण मारणाऱ्या मुलासाठी ती खुर्चीही कामाची ठरते, हे अनुभवाने सांगते.) २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून दिव्यांग ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, मुलाचे आधार कार्ड आणि निदानाच्या प्रमाणपत्राची एक प्रत एकाच पारदर्शक पाकिटात ठेवावी. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले गेले नव्हते. त्या प्रकरणी विमान कंपनीला पाच लाख रुपयांचा दंड झाला आणि त्यानंतर नियम सुधारून असे ठरवण्यात आले की, केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही, आणि प्रवासात प्रकृती बिघडेल अशी शंका असल्यास प्रवाशाला डॉक्टरांनी तपासले पाहिजे. हा नियम तोंडपाठ असावा, पण काउंटरवर पोहोचताच त्याचा उच्चार करू नये. चारपैकी तीन वेळा तरी साध्या विनंतीने काम होते.

झोपेची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज पंधरा ते वीस मिनिटांनी अलीकडे आणली, तर सात दिवसांत सुमारे दोन तासांचा फरक पडतो आणि साडेनवाला झोपणारे मूल साडेसातच्या आसपास झोपू लागते. एकाच दिवशी लवकर झोपवण्याचा प्रयत्न सहसा फसतो, कारण मूल अंथरुणात जागेच राहते आणि ‘झोपण्याची वेळ’ या शब्दांवरचा त्याचा विश्वासही जातो. वेळेबरोबर जेवण, अंघोळ आणि दिवे मंद करणे हेही तेवढेच अलीकडे आणावे. झोपेचे किंवा गुंगीचे औषध प्रवासाच्या रात्री प्रथमच देऊ नये. सर्दीच्या काही औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. डॉक्टरांनी काही सुचवले असेल, तर ते सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहावे.

त्याच आठवड्यात गोष्ट आणि सराव सुरू करावा. थेरपिस्ट जिला सोशल स्टोरी म्हणतात, ती येणारा प्रसंग मुलाला आधीच टप्प्याटप्प्याने सांगणारी गोष्ट घरच्या भाषेत, मुलाच्या तोंडची असावी आणि तिच्यात खोटे आश्वासन एकही नसावे. आमच्या थोरल्याची गोष्ट अशी होती : ‘शनिवारी आई मला अंधारात उठवेल. बाहेर रात्र दिसेल, पण ती माझी सकाळ असेल. मी दात घासेन. मी हात-पाय धुईन. अंघोळ मी दिल्लीला मावशीच्या घरी करेन. विमानतळाच्या दारात आजी-आजोबा टाटा करतील, ते आत येणार नाहीत. एक काका किंवा मावशी माझ्या अंगाजवळून यंत्र फिरवतील, ते टीं वाजेल. विमान कधी वेळेवर उडते, कधी थांबावे लागते. थांबावे लागले तर मी नकाशांचे पुस्तक बघेन.’ यातील ‘कधी थांबावे लागते’ हे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण ५.५५ ला विमान उडेल असे सांगितलेले मूल ५.५६ ला तुम्हाला जाब विचारते आणि त्यानंतर गोष्टीतील कोणत्याच वाक्यावर विश्वास ठेवत नाही. आजी-आजोबांचे वाक्यही महत्त्वाचे आहे, कारण तिकीट नसलेल्या व्यक्तीला दारावरचे सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत आणि अनपेक्षितपणे झालेली ही ताटातूट पुढची सगळी घडी विस्कटू शकते.

न बोलणाऱ्या मुलासाठी तीच गोष्ट खऱ्या छायाचित्रांची करावी आणि सुरक्षा तपासणीचा खेळ घरी खेळावा. हात पसरून बुजगावण्यासारखे उभे राहायचे, आईने टीव्हीचा रिमोट अंगाजवळून फिरवायचा आणि तोंडाने टीं टीं म्हणायचे, की झाली तपासणी. याहून अवघड प्रसंग म्हणजे आवडते खेळणे क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर ठेवणे, कारण मुलाच्या दृष्टीने ते गिळले जाते. आम्ही दोन खुर्च्यांवर चादर टाकून खंडाळ्याचा बोगदा केला आणि धाकट्याचा हत्ती एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने काढला. तीसेक फेऱ्यांनंतर तो स्वतः पलीकडे जाऊन हत्तीची वाट पाहू लागला.

आदल्या संध्याकाळी सामान दारापाशी ठेवून मोकळे व्हावे. हातातल्या पिशवीत कानांवरचे आवाजरोधक, चघळण्याचे साधन, पूर्ण चार्ज केलेला टॅब, पॉवर बँक (ती काउंटरवर द्यायच्या सामानात ठेवता येत नाही), जास्तीचे दोन कपड्यांचे जोड, ओले वाइप्स आणि ओळखीचा खाऊ असावा. ओळखीचा म्हणजे अगदी तोच; ज्या मुलाला ठरावीक पुड्यातलेच बिस्कीट चालते, त्याच्यासाठी विमानतळावरील दुकानाच्या भरवशावर राहू नये. तूप-साखरेच्या पोळीची गुंडाळी, चुरमुरे, कोरडा खाऊ हे सुरक्षित पर्याय आहेत. मुलांना प्रवासाचेच कपडे घालून झोपवावे, आणि ते आधी दोन-चार वेळा धुतलेले, मानेचे लेबल काढलेले, गडद रंगाचे असावेत. रात्रीच त्या कपड्यांत एक छायाचित्र काढून ठेवावे, मनगटावर फोन नंबरची पट्टी बांधावी. गर्दीत हात सोडून पळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही दोन कामे टाळू नयेत. टॅक्सी ॲपवर पहाटे मिळेल या आशेवर न राहता ओळखीच्या चालकाला सांगून ठेवावे आणि गाडीत गाणी लावू नयेत, हेही त्याच वेळी सांगावे.

उठवताना ट्यूबलाइट लावू नये. पुढच्या खोलीतला मंद दिवा, नेहमीचेच शब्द आणि नेहमीचाच क्रम ठेवावा : दिवसाचा क्रम दाखवणाऱ्या चित्रांच्या पट्टीवर दात घासणे, दूध, कपडे ही चित्रे रोजच्या जागी असावीत, अंघोळीचे चित्र काढून न टाकता ते दिवसाच्या शेवटच्या टप्प्यात ‘मावशीचे घर’ या चित्राच्या खाली लावावे. यासाठी पंचेचाळीस मिनिटे लागत असतील तर एक तास धरावा आणि मोठ्यांनी त्याआधी अर्धा तास उठून स्वतःचे सगळे आवरावे, कारण घरातल्या मोठ्यांची धावपळ मुलांना घड्याळाच्या गजरापेक्षा जास्त घाबरवते. मूल गाढ झोपेत उचलून गाडीत ठेवले आणि तसेच झोपले, तर उत्तम, असे काही पालक सांगतात. आमच्या धाकट्याच्या बाबतीत डोळे उघडल्यावर घराऐवजी विमानतळाचे झगझगीत दिवे दिसणे हा सर्वांत वाईट प्रसंग ठरला.

देशांतर्गत उड्डाणासाठी सामान देण्याचे काउंटर साधारणपणे उड्डाणापूर्वी ६० मिनिटे बंद होते. ऑनलाइन चेक-इन आधीच करून एका पालकाने सामानाच्या रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने मुलांना बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसवावे. तपासणीपूर्वी सुरक्षा कर्मचाऱ्याला एकाच वाक्यात सांगावे : ‘मुलगा स्वमग्न आहे, अंगाला हात लावण्यापूर्वी मला सांगा, मी त्याच्याजवळ उभी राहते.’ लांबलचक स्पष्टीकरण देत बसले, तर मागची रांग अस्वस्थ होते आणि मूल आपल्याबद्दलच बोलणे ऐकत उभे राहते. सूर्यफुलांच्या नक्षीची हिरवी गळपट्टी लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सुरू झाली. न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाची ती खूण आता दिल्ली आणि बंगळुरू विमानतळांवरही ओळखली जाते, म्हणून परतीच्या प्रवासात ती मागून घ्यावी.

विमानात सर्वांत आधी चढवण्याची सोय दिली जाते, पण ती डोळे झाकून स्वीकारू नये. आधी चढलेल्या मुलाला अरुंद जागेत जास्त वेळ बांधून बसावे लागते. आमच्याकडे एक जण सामान घेऊन आधी जातो, खिडकीची जागा, पट्टा आणि टॅब तयार ठेवतो, आणि दुसरा मुलांना घेऊन शेवटच्या प्रवाशांबरोबर येतो. मात्र हे कर्मचाऱ्यांना आधी सांगावे लागते, आणि विमानापर्यंत बसने जायचे असेल तर ही युक्ती सोडून द्यावी.

अंधारात उड्डाण करताना आतले दिवे मंद केले जातात आणि स्वच्छतागृहातल्या फ्लशचा आवाज एकदम मोठा होतो. या दोन्हींचा उल्लेख गोष्टीत असावा. झोपमोड झालेली मुले वर गेल्यावर बहुधा झोपतात. उतरण्याच्या अर्धा तास आधी त्यांना हळूहळू जागे करावे, कारण झोपेत गिळण्याची क्रिया कमी होते आणि विमान खाली येताना कानांतला दाब बाहेरच्या दाबाशी नीट जुळत नाही. स्ट्रॉने पाणी पिणे किंवा काही चघळणे पुरेसे असते. न बोलणारे मूल या वेळी डोके आपटू लागले, तर तो हट्ट नसून कान दुखत असण्याची शक्यता आधी धरावी.

दिल्लीला उतरल्यावर त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की, मुले आली की प्रथम न्हाणीघरात जातील. नमस्कार, फराळ आणि कौतुक नंतर. सकाळी साडेदहा वाजलेले असोत की अकरा, पट्टीवर राहिलेले अंघोळीचे चित्र आधी पूर्ण करावे, आणि ते काढून डब्यात टाकण्याचे काम मुलाच्याच हातून होऊ द्यावे.